होडीचा खेळ आणि वहिनींची वीज

मंडळी, मी आणि माझी मैत्रीण शबाना मिळून संगणकावरचा एक छोटा खेळ बनवतोय. भाट्याच्या खाडीतून होडी बाहेर काढायची. ज्यांना पैसे भरायचे नाहीत, ते खेळत असताना त्यांचा संगणक आमच्यासाठी थोडं क्रिप्टो मायनिंग, म्हणजे अवजड आकडेमोड करून डिजिटल चलन कमावण्याचं काम, करेल, अशी योजना.

आज सकाळी शेजारच्या वहिनींना खेळायला बसवलं. होडी खाडीच्या तोंडाशी पोचली आणि त्यांच्या जुन्या संगणकाचा पंखा घोंघावू लागला.

"काय गो, फुकट म्हणालीस ना? मग हा का एवढा दमला?"

मी मायनिंग समजावलं.

"म्हणजे वीज माझी. विचारायचंस तरी. दुसऱ्याच्या कलमाखाली पडलेला आंबासुद्धा आपण विचारून उचलतो."

शबानाला फोन केला. ती म्हणाली, "विचारलं तर हो कोण म्हणेल? आपल्याला काय मिळणार?"

तिचं चूक नाही. तरी दुपारी बसून बदल केलाच. आता मायनिंग सुरुवातीला बंदच असतं आणि खेळ उघडताच ठळक प्रश्न येतो: 'तुमची वीज लागेल, पंखा वाजेल. चालेल का?'

संध्याकाळी वहिनींनी तो प्रश्न नीट वाचला आणि 'नाही' दाबलं.

प्रश्न तिथेच राहणार आहे. तुम्ही काय दाबाल?