बाबांचा लहान मेंदू

मी इकडे हिंदी मुलखात, भंवरकुआंच्या एका कोचिंगमध्ये बायोलॉजी शिकवते, आणि मला स्वतःचा येतो तेवढा राग जगात कुणाचाच येत नाही. तसे रागाचे मानकरी पुष्कळ आहेत, पण पहिला नंबर माझा.

मेंदूचा धडा माझा हुकमी. बारा वर्षं तोच शिकवतेय. मोठा मेंदू विचार करतो, आठवणी ठेवतो, बोलतो. त्याच्या मागे खाली लहान मेंदू, म्हणजे सेरेबेलम. तोल आणि हालचालींचा मेळ त्याच्याकडे. सगळ्यात खाली मेडुला, श्वास आणि हृदयाचे ठोके सांभाळणारा. सेरेबेलम आला की मी फळ्यापासून दारापर्यंत झिंगत चालून दाखवायची. दारू यहीं असर करती है, इसलिए बेवड़ा ऐसे चलता है, म्हणायची. पोरं पोट धरून हसायची.

गेल्या वर्षी बाबा तसेच चालायला लागले. पाय फाकवून, भिंतीला हात लावत. जीभ जड झाली, शर्टाचं बटण लावताना बोटं भलतीकडे जायची. बाबा म्हणजे महूच्या फौजी बापाचा मुलगा, आयुष्यात दारूला न शिवलेला. दर रविवारी विहारात सगळ्यांकडून पंचशील तेच म्हणवून घ्यायचे.

कॉलनीवाल्यांना तर बस बहाणा हवा. रिटायर्ड माणूस, बायको गेलेली, लागली असेल सवय, असं सुरू झालं. विहाराचं काम बघणाऱ्या एका काकांनी बाबांना बाजूला घेतलं. दारू न पिण्याचं शील तुमच्या तोंडून बरं दिसत नाही भिया, काही दिवस मागे बसा, म्हणाले. आणि बाबा मागे बसले.

हे कळल्यावर मी कुणाशी भांडले? बाबांशी. त्या काकांना जाब विचारायचा सोडून मी बाबांचं कपाट उपसलं, गादी उलटी केली, बाटली शोधली. सापडली नाही तशी आणखीच भडकले. त्यांच्या तोंडाजवळ नाक नेऊन हुंगलं. वासबिस काही नव्हता. तरी म्हटलं, "लाज वाटू द्या जरा." ते भिंत धरून उपसलेले कपडे परत कपाटात ठेवायला लागले.

बारा वर्षं दुसऱ्यांच्या पोरांकडून सेरेबेलम घोकून घेणारी मी, आणि दारूशिवायही तो बिघडू शकतो हे एकदाही मनात आलं नाही. आग लागो असल्या शिकवण्याला.

तीन महिन्यांनी ते बाथरूमपाशी पडले, तेव्हा कुठे दवाखान्यात नेलं. डॉक्टर नागपूरकडचे, मराठी. त्यांनी एमआरआय दाखवला. लहान मेंदू आक्रसत चालला होता. तो काही परत भरून येणार नाही, व्यायामानं तोल थोडाफार टिकवता येईल, लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं, असं ते सांगत होते. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

मध्येच बाबांनी शब्द जुळवत विचारलं, "डॉक्टरसाहेब, मी दारू पीत नाही, असं कागदावर लिहून द्याल?"

कुणाला द्यायचंय, डॉक्टरांनी विचारलं. मला वाटलं, आता विहारातल्या काकांचं नाव घेतील.

बाबांनी बोट माझ्याकडे केलं. "हिला."