अमेरिकनची उजवी सीट

गाड्यांचे किस्से म्हणजे आमच्या डिचोलीची लाल धूळ. गाडी कितीही धुवा, दाराच्या खाचेत थोडी उरतेच. मग कधीतरी निवांत बसलं की बोटाला लागते.

मी वही सुरू केली ती काही किस्से जमवायला नाही. माझ्या गाडीच्या अमेरिकन कंपनीने भारतातला कारभार आवरला, जवळचं सर्व्हिस सेंटर बंद झालं आणि सर्व्हिस बुकातली मागची पानं कोरी राहिली. मी पाणीपुरवठ्यात पंप ऑपरेटर. दर तासाला टाकीची पातळी लिहिण्यात माझी उमर गेली. असल्या माणसाला कोरं पान बघवत नाही. मीच भरायला लागलो. पानं संपली तेव्हा वही आणली. आज चौथी वही चालू आहे.

कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्या भागात त्या गाडीला सगळे नुसतं 'अमेरिकन' म्हणतात. पेडणे आणि डिचोली मिळून आम्ही चौघे अमेरिकनवाले. दर रविवारी सकाळी धारगळला, हायवेच्या कडेला पुरसो मेस्त्रीच्या गॅरेजात जमतो. पुरसोकडे स्वतःची अमेरिकन नाही. का घेतली नाहीस विचारलं तर म्हणतो, "म्हाका कामाक येवचा आसता!"

गॅरेजामागे फणसाचं झाड आहे. त्याखाली पाव, पातळभाजी आणि चहा. चहा झाला की मी वही उघडून गेल्या आठवड्याचं वाचतो. कोणाची गाडी किती चालली, कुठे कुरकुरली, कोण किती वेळात पोचलं. नियम एकच. लिहिलंय ते सगळं वाचायचं, काही गाळायचं नाही.

०

चौघांत खरी अमेरिकेहून आलेली गाडी एकच, कारापूरच्या भाऊंची. लांबलचक, निळी. पोर्तुगीज काळात मुरगावच्या बंदरात जहाजातून उतरली. भाऊंच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, ती टॅक्सी म्हणून डिचोली ते बेती चालवली. बेतीला फेरी, फेरीपलीकडे पणजी.

तेव्हा लोक त्या गाडीत शिरताना चपला काढायचे! कोणी सांगितलं नव्हतं. आतली गादी इतकी मऊ, इतकी चकचकीत की माणसाचा हात आपोआप पायाकडे जायचा. चपला राहायच्या डिचोलीच्या स्टँडवर, पिंपळाखाली ओळीने. माणसं बेतीला उतरायची अनवाणी. पणजीत कोर्टात अनवाणी, दवाखान्यात अनवाणी. संध्याकाळी आबा त्यांना परत आणायचे आणि जो तो आपापल्या चपलेत पाय घालून घरी जायचा.

भाऊ सांगतात, "आबांच्या सगळ्या हयातीत एक जोड हरवला नाही."

मग म्हणतात, "एक जास्त मात्र निघाला."

तो जोड अजून गाडीच्या डिकीत आहे. मी पाहिला आहे. बाईमाणसाचा आहे, लहान पायांचा. भाऊ तो दर दसऱ्याला गाडीबरोबर पुसून ठेवतात.

०

मांद्रेच्या बाबलोची गाडी छोटी, इथे भारतातच जुळवलेली. बाबलोचं गेस्ट हाउस आहे. एकदा त्याच्याकडे एक अमेरिकन पाहुणा उतरला, सत्तरीचा. सामान खोलीत ठेवायच्या आधी त्याला माडाखाली उभी असलेली गाडी दिसली. जवळ गेला, बॉनेटवरच्या खुणेवर हात ठेवला आणि उभाच राहिला.

त्याचे वडील त्या कंपनीत रंगाच्या खात्यात होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा नखांना कधी हिरवा, कधी तांबडा रंग असायचा. त्या रंगावरून पोरं ओळखायची, आज कुठली गाडी झाली ते.

"आत बसू?" म्हणाला.

बाबलोने किल्ली आणली. "कुठे जायचं, साहेब?"

"कुठेच नाही."

काचा वर करून तासभर बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रेकफास्टचा ट्रे गाडीतच मागवला. तिसऱ्या दिवशी उशी नेली!

बाबलो वैतागून आमच्याकडे आला. "भाडं खोलीचं देता आणि रवता गाडीत! समुद्र हंयसर दोन पावलांवर, आणि हो बसता आमच्या गोठ्याकडे तोंड करून!"

आमच्यातले चौथे, मास्तर, म्हणाले, "मग म्हशीला सांग, जरा नीट उभी राहा. फॉरेनची माणसं बघतात."

पाहुणा गेला. अजून दर वर्षी त्याचा मेसेज येतो. बाबलो कसा आहे, बायकोमुलं कशी आहेत, काही विचारत नाही. एवढंच विचारतो, 'ती कशी आहे?'

०

हे मास्तर म्हणजे पेडण्याचे निवृत्त शिक्षक. कंपनी देश सोडून चालली अशी बातमी आली तेव्हा सगळ्यात जास्त घाबरले ते. गाडी नवीच होती. विकावी तर भाव पडलेला, ठेवावी तर पार्ट मिळायचे नाहीत. घरात रोज वाद. शेवटी मास्तर देवळात गेले आणि देवाला प्रसाद लावला.

आमच्याकडे अडलेल्या माणसाची ही शेवटची कचेरी. पुजारी मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे बघत बसतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

पुजाऱ्याने गाऱ्हाणं घातलं. "बा म्हाराजा, ह्या लेकरान अमेरिकन गाडी घेतल्यान. ती इकूची काय ठेवची, ता तू सांग."

अर्धा तास गेला. उजवी पडेना, डावी पडेना. दुपार झाली. पाकळ्या सुकल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. पुजाऱ्याला भूक लागली. म्हणाला, "मास्तर, देवाक इचार करूचो आसा. तुमी घराकडे जावा."

मास्तर घरी आले. त्याला सात वर्षं झाली. गाडी अजून त्यांच्याकडेच आहे, एक तक्रारसुद्धा नाही.

"विकत का नाही?" असं कोणी विचारलं तर मास्तर गंभीरपणे म्हणतात, "देवाचा निकाल यायचाय."

०

पुरसोचा एक छोटासा किस्सा. माझ्या गाडीच्या पुढच्या चाकाचं रबरी बुश गेलं. कुठेच मिळेना. पुरसोने खनिजाच्या ट्रकचा जुना मडफ्लॅप कापला, तासला, बसवला. मी वहीत लिहिण्यासाठी विचारलं, "हे किती दिवस टिकेल?"

पुरसो म्हणाला, "ट्रक दिसलो की ती आपसूक त्याच्या फाटल्यान वचूक लागली, तर म्हाका सांग!"

मी हसलो. पण त्यानंतर ट्रक दिसला की गाडी त्याच्यामागे धावेल म्हणून मी स्टिअरिंग जरा घट्ट धरतो.

०

आता भाऊंचं सांगतो. गेले काही महिने मला घोर होता तो त्यांच्या गाडीचा.

त्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. आपला रस्ताही डावीकडचा. म्हणजे ड्रायव्हर बसतो रस्त्याच्या कडेला, गटाराजवळ. पुढे ट्रक असला की त्याला ट्रकची पाठ सोडून काही दिसत नाही. समोरून कोण येतंय ते दिसतं उजवीकडे बसलेल्या माणसाला. म्हणून अशी गाडी एकट्याने चालवता येत नाही, ती दोघांची असते.

भाऊंच्या उजवीकडे लग्नापासून वहिनी बसतात. त्यांचे शब्द दोन. 'राव' म्हणजे थांब आणि 'वच' म्हणजे जा. एरवी नवऱ्याला अहो-जाहो करणाऱ्या वहिनी तेवढ्यापुरत्या एकेरीवर येतात. कोणीतरी चेष्टा केली तर म्हणाल्या, "'वचात' म्हणेपर्यंत समोरचा ट्रक येऊन टेकतो, बाबा!"

मांद्रेचा एक हॉटेलवाला त्या गाडीच्या मागे लागला होता. त्याला ती गेटवर उभी करून ठेवायची होती, डिकीत फुलझाडं लावून. भाऊंनी त्याला आमच्यादेखत सांगितलं होतं, "ही उजवीकडे बसून रस्ता बघते तोवर गाडी रस्त्यावर. ज्या दिवशी हिला जमणार नाही, त्या दिवशी किल्ली तुझी."

हॉटेलवाला दर महिन्याला वहिनींची तब्येत विचारायचा. फार प्रेमाने!

एका रविवारी मी माझी गाडी फणसाखाली लावली आणि उतरलो. वहिनी चार हातांवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "कोणाची रे ही पिवळी गाडी?"

माझी गाडी पांढरी आहे. तीच, सात वर्षांची ओळखीची.

मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "वहिनी, दिसत नाही?"

"धुकं दिसतं," त्या म्हणाल्या. "सगळ्यावर पहाटेचं धुकं. छान असतं तसं. पण यांना सांगू नको. सांगितलंस तर गाडी गेली."

"मग रस्ता कसा बघता?"

"ऐकते. काच खाली असते ना! संशय आला की 'राव' म्हणते. 'राव' म्हणून कोण मेलंय?"

"ऑपरेशन करून घ्या."

"डोळ्याला सुरी? मी नाही."

मी कोणाला सांगितलं नाही. पण मला झोप लागेना. पुढच्या आठवड्यात त्यांच्या गाडीत मागे बसून आलो. अस्नोड्यापुढे एका ट्रकमागे अडकलो. वहिनी मान बाहेर काढून ऐकत होत्या. "राव... राव..." मग एकदम म्हणाल्या, "वच!"

रस्ता खरंच मोकळा होता, मागून मला दिसत होता. पण भाऊ हलले नाहीत. ट्रकमागेच चालत राहिले. वहिनींना ते कळलंही नाही.

धारगळला उतरल्यावर मी भाऊंना बाजूला घेतलं. "वहिनी 'वच' म्हणाल्या, तरी तुम्ही गेला नाहीत?"

भाऊंनी खिशातून रुमाल काढून आरसा पुसायला घेतला. म्हणाले, "तिला दिसत नाही, ते मला चतुर्थीपासून ठाऊक आहे. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीची फळं चाचपून बांधत होती. तेव्हापासून मी कोणाला ओव्हरटेक केलेलं नाही. पण तू तिला बोलू नको. बोललास तर ती गाडीत बसायची नाही."

म्हणजे दोघांचं गुपित एकच, आणि ते ठेवायला माणूसही एकच!

मी दोघांनाही शब्द दिला. वहीत मात्र भाऊंच्या नावापुढे फक्त वेळा लिहीत गेलो. आकड्यांत कसली चुगली?

वर्ष संपलं. वर्षाच्या शेवटच्या रविवारी मी सगळ्यांचं वर्षभराचं वाचतो. भाऊंचं पान आलं. नियमाप्रमाणे वाचायला लागलो. "कारापूर ते धारगळ. पन्नास मिनिटं. पन्नास. बावन्न. चतुर्थीनंतर, एक तास. एक तास पाच. एक तास दहा. एक तास वीस..."

बाबलो ओरडला, "भाऊ, गाडी घराकडे ठेवून चलत इलात काय!"

सगळे हसले. भाऊ हसले नाहीत. वहिनीही नाहीत. माझं बोट पानावर तसंच राहिलं आणि आपण काय वाचलं ते माझ्या ध्यानात आलं.

वहिनी पदर सावरत म्हणाल्या, "मला दिसत नाही हो. म्हणून उशीर होतो."

भाऊ म्हणाले, "ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"माटोळीपासून."

वहिनींनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे इतके महिने मी ओरडते आणि तुम्ही ऐकत नाही!"

"लग्नापासूनच की," मास्तर पुटपुटले.

"मग म्हापशाच्या डॉक्टरांकडे न्या," वहिनी भाऊंना म्हणाल्या. "सुरी तर सुरी. पण गाडीच्या डिकीत फुलझाडं नकोत. तिथे चपला आहेत."

०

दोन्ही डोळ्यांचं झालं. डॉक्टरांनी बाहेर पडायला परवानगी दिली त्यानंतरचा पहिला रविवार. मी मुद्दाम आदल्या दिवशी साखळीला बहिणीकडे राहायला गेलो आणि सकाळी कारापूरला हजर.

वहिनी दारातून बाहेर आल्या आणि अंगणात थांबल्या. "इतकी निळी होती होय ही?" मग भाऊंकडे वळून, "आणि तुमचे केस कधी पिकले?"

"तू राव राव म्हणत होतीस तेव्हा," भाऊ म्हणाले.

मी मागे बसलो. शेतांवर खरंखुरं धुकं होतं, त्यातून ती लांब गाडी होडीसारखी निघाली. डिचोली गेली. अस्नोड्यापुढे ट्रक मिळाला. वहिनींनी त्याच्या पाठीवरचं मोठ्याने वाचलं, "आईचा आशीर्वाद." मग डोळे बारीक करून खालच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरंही वाचली, रंगवणाऱ्या पेंटरच्या नावासकट.

भाऊंनी विचारलं, "मग मांद्रेच्या त्या हॉटेलवाल्याला काय सांगू?"

"दुसरी कुंडी बघ म्हणावं."

भाऊंनी पाठ सरळ केली. गिअरवर हात ठेवला. वहिनींनी काच खाली केली आणि मान बाहेर काढून पुढे पाहिलं. मीही मागून पाहिलं. रस्ता वळणापर्यंत मोकळा. माणूस नाही, जनावर नाही. शेताच्या बांधावर एक बगळा तेवढा उभा.

वहिनींनी त्या रस्त्याकडे नीट, खूप वेळ पाहिलं.

"राव," त्या म्हणाल्या.

वळण गेलं. पुढचा रस्ताही रिकामा.

"राव."

कोलवाळच्या पुलावर ट्रक अगदी कडेला झाला. ड्रायव्हरने हात बाहेर काढून पुढे जा अशी खूण केली. खाली शापोरा नदीचं पाणी उन्हाने उजळत होतं.

"राव," वहिनी म्हणाल्या आणि हात खिडकीवर ठेवून त्या पाण्याकडे बघत बसल्या.

भाऊंनी गिअर खाली घेतला.

धारगळला पोचलो तेव्हा पातळभाजी संपली होती. पुरसो घड्याळ बघत उभा होता. मी वही उघडली आणि लिहिलं, 'कारापूर ते धारगळ. एक तास चाळीस मिनिटं.'