चालू कॉम्प्युटरची वायर ओढणारे पोचदादा

आम्ही कामात गुंतलो की पोचदादा हळूच मागे यायचे आणि चालू कॉम्प्युटरची वायर भिंतीतून ओढायचे. पडदा काळा! मी ओरडायची, "दादा, अहो काय हे!" त्यांचं उत्तर ठरलेलं, "मॅडम, लाईट काय सांगून जाती का?"

आमचा दूध संघ दुष्काळात जनावरांच्या छावण्या चालवायचा. छावणीवरून पाण्याची मागणी आमच्या कॉम्प्युटरवर यायची आणि पुढे टँकरवाल्याच्या मोबाइलवर जायची. तो प्रोग्राम दादांनी सी भाषेत लिहिलेला. निरोपांची ने-आण करणारी तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला कोड, त्यांनी घेतली, पण सगळा भार तिच्यावर टाकला नाही. आलेला निरोप आधी डिस्कवर उतरवायचा, मग पाठवायचा, आणि पलीकडून पोच आल्याशिवाय पुसायचा नाही. हे इतक्यांदा ऐकवलं की नावच पडलं पोचदादा. बायकोने फोनवर भाजी सांगितली तरी शेवटी "पोचलं" म्हणायचे.

चेअरमनसाहेब वैतागायचे. "एवढं उतरवत बसायचं कशाला रं? सरळ पाठव की!"

"साहेब, निरोप वाटंतच मेला तर गुरं कुणाला विचारणार?"

वैशाखातल्या एका दुपारी नांदूरघाटकडच्या छावणीवरून तिथलं सगळं बघणाऱ्या रखमाआक्कांची मागणी आली. हौद कोरडा, गुरं हंबरतायत. तेवढ्यात वावटळीने विजेचे खांब पाडले. यूपीएस तर कधीच मेला होता. निरोप पुढे गेला की नाही, कळेना. फोनही कुणाला लागेना. दादा म्हणाले, "डिस्कवर हाय तो. कुटं जात न्हाई." लाईट आली. आक्कांचा निरोप जागेवर होता, पोच नव्हती, म्हणून प्रोग्रामने तो आपणहून पुन्हा पाठवला.

संध्याकाळी आक्कांचा फोन. "अवो दादा, दोन टँकर आले की! हौद भरला, वासरंबी धुतली!"

पहिला निरोप गेलेलाच होता, फक्त पोच यायची राहिली होती. साहेब भडकले. दादा म्हणाले, "दोनदा गेला तर तुमी शिव्या देता. गेलाच नसता तर?" दुसऱ्याच दिवशी त्यांनी प्रत्येक निरोपाला नंबर दिला. तोच नंबर पुन्हा आला की टँकरवाल्याचा मोबाइल नुसती पोच द्यायचा, टँकर हलायचा नाही.

रिटायर होऊन दादा आपल्या गावी, दिंद्रुडला निघाले, तेव्हा मला रडूच आलं. त्यांनी मला आपल्या खुर्चीत बसवलं आणि शेवटची वायर ओढली. या वेळी मी ओरडले नाही. मशीन सुरू केलं, अडकलेले निरोप पाहिले, एकेकाची पोच येईस्तोवर थांबले, मगच पुसले.

दादांनी पिशवी उचलली. माझ्याकडे बघून म्हणाले, "पोचलं."