काचेची बाई कोण?

बाइंडिंगच्या कारखान्यात छापील पानांचे फर्मे शिवताना ती एकच गाणं गुणगुणायची, ‘काचेची बाई’. आईकडून आलेलं. आळीतल्या बायकांनाही ते थोडंफार येई; चारही कडवी मात्र तिलाच पाठ. स्वभाव सुईसारखा टोकदार. कुणी फुकट चहा पाजला तरी आधी “का?” विचारायची.

एका सकाळी मालकांनी वर्तमानपत्र तिच्यापुढे टाकलं. कुणा प्राध्यापकांचा लेख होता. हे लोकगीत फारसं जुनं नाही, काचेची बाई म्हणजे सिनेमातली नटी आणि चौथ्या कडव्यातला पिवळा रुमाल तिच्या नायकाच्या गळ्यातला, असं त्यांचं म्हणणं.

तिचं डोकं सणकलं. चौथं कडवं तिने घराबाहेर कधी म्हटलंच नव्हतं. घरात ऐकणारी एकच, भावजय.

भावजय भांडी विसळत होती.

“त्या प्राध्यापकाला भेटलीस तू?”

“कोण प्राध्यापक?” हातातली वाटी निसटली.

“चोराच्या मनात चांदणं!”

“अहो ताई, वाचनालयात भेटले. जुनं गाणं येतं का विचारलं, मी म्हटलं. मग म्हणे अर्थ सांगा. तुम्ही मला कधी सांगितलात? असेल कुणी नटी, म्हणून दिलं ठोकून!”

झापायला तिने तोंड उघडलं खरं, पण अर्थ तिलाही ठाऊक नव्हता. वर नवाच किडा डोक्यात शिरला. आईने खरंच सिनेमातून उचललं असलं तर?

विचारायला आई आता नव्हती. रविवारी तिने मावशीचं घर गाठलं.

“सिनेमा?” मावशी खो खो हसली. “तुझ्या आईने जन्मात एक सिनेमा पाहिला, तोही घोरत! अगं, काचेची बाई म्हणजे आमची आई. ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर काचा पुसायची. आम्ही दोघी समोरच्या फुटपाथवर. हाक पोचायची नाही, म्हणून आमचं आम्हीच गाणं जुळवून म्हणत बसायचो. आम्ही दिसलो की ती फडकं हलवायची. पिवळं.”

“मग आई कधी बोलली का नाही?”

“पोरं चिडवायची गं, काचपुशीच्या पोरी म्हणून. गाणं पसरलं, आम्ही गप्प बसलो.”

प्राध्यापकांनी आधी पुरावा मागितला. तिने त्यांना थेट मावशीपुढे नेऊन बसवलं. पुढच्या आठवड्यात आतल्या पानावर चार ओळींची दुरुस्ती आली. कारखान्यातल्या बायकांना मात्र नटीच जास्त आवडली.

त्या संध्याकाळी तिने भावजयीला सगळं सांगितलं.

“दिसायला कशा होत्या हो आजी?” भावजयीने विचारलं.

तिला सांगता येईना. पुढच्या रविवारी दोघी मिळून मावशीकडे गेल्या.