तात्कालिक कारण

बिराजदार सरांच्या तासाला उशिरा पोचणं ही आमच्या नळदुर्गच्या शाळेतली सगळ्यांत महाग चूक. मार नाही, ओरडणं नाही, वर्गाबाहेर उभं करणंही नाही. सर हातातला खडू खाली ठेवायचे, दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि दारातल्या पोराला शांतपणे म्हणायचे, "कारण सांग. आधी दूरचं, मग तात्कालिक." पोरगं म्हणायचं, सर, एसटी चुकली. सर म्हणायचे, हे झालं तात्कालिक, आता दूरचं काढ. मग त्या बिचाऱ्याला रात्री कुणाच्या हळदीत नाचलो, त्या हळदीचं आवतण आपल्या घराला का होतं, शेजारच्या घराला का नव्हतं, इथपर्यंत मागे जावं लागे. तास संपायच्या बेताला अख्ख्या गल्लीचं राजकारण फळ्यावर उतरलेलं असायचं आणि पोरांना नकळत पहिलं महायुद्ध समजलेलं असायचं.

मी त्याच शाळेत, आणि वर ज्युनिअर कॉलेजलाही, भूगोल शिकवतो. म्हणजे मी सरांचा शेजारी देश. आमच्यात तंटा एकाच गोष्टीचा होता, जगाच्या नकाशाचा. नकाशा मालकीनं भूगोलाचा, पण ताबा कायम इतिहासाचा. मी मागायला गेलो की सर अगदी आदरानं म्हणायचे, "घिऊन जावा की. पण आमच्या वर्गातलं टेबल तुम्ही उचललं, ते कोणत्या करारानं, तेवढं आधी सांगा." टेबल खरंच मी उचललेलं असल्यामुळे मी हात हलवत परत यायचो, आणि पुढचा तास फळ्यावर हातानं आफ्रिका काढून घ्यायचो. माझी आफ्रिका फणसासारखी दिसते असं सर मुलांना सांगत.

सर मूळचे मुरुमजवळच्या एका खेड्यातले. बुटके, गोल, सदऱ्याच्या खिशाला निळ्या शाईचा कायमचा डाग. घरी बोली कानडी, वर्गात मराठी. राग आला की कानडी बाहेर पडायची आणि राग आवरला की मराठी परत यायची, त्यामुळे आपल्याला नेमकं काय म्हटलं गेलं हे मुरुमकडची पोरं सोडली तर कुणालाच कळत नसे. शिकवणं मात्र असं, की शिपाईसुद्धा पाण्याचा हंडा घेऊन दारात रेंगाळायचा. साम्राज्यवाद शिकवताना ते म्हणत, "देश काय न् शेत काय, बांध कोरणारा पहिल्या दिवशी कुऱ्हाड घिऊन येत न्हाय. आधी त्याचा बैल चुकून तुमच्यात शिरतो." पहिल्या महायुद्धानंतरच्या तहावर आले की आवाज खाली जायचा. "हरलेल्याच्या छातीवर बसून सही घेतली ना, की ती सही झोपत न्हाय. वीस वर्षांनी उठून बसती."

पण त्यांचं खरं दैवत तात्कालिक कारण. फळ्याचे उभे दोन भाग करायचे. डावीकडे दूरची कारणं, गुप्त करार, शस्त्रांची चढाओढ, वसाहतींची हाव, भराभर. उजवीकडचा भाग रिकामा. मग ते रिकाम्या भागासमोर उभे राहून म्हणायचे, "दारू लई वरसं कोठारात पडून राहती. काडी लावल्याबिगर उडत न्हाय. ही काडी म्हंजे तात्कालिक कारण. लिहा." मग एका राजपुत्राचा खून व्हायचा, वर्ग श्वास रोखायचा, आणि युरोप पेटायचा. परीक्षेत ज्यानं ही काडी लिहिली नाही त्याला सरांनी कधी पूर्ण मार्क दिले नाहीत.

संध्याकाळी सरांचा दुसरा वर्ग भरायचा तो हायवेवर, व्यंकटरावांच्या धाब्यात. व्यंकटराव जाधव म्हणजे सहा फुटी, मिशाळ, आणि सरांपुढे पहिलीतल्या मुलासारखा माणूस. टीव्हीखालची खुर्ची सरांची. हैदराबादकडून आलेले ड्रायव्हर चहाला थांबायचे, टीव्हीवर कुठेतरी धूर दिसायचा, आणि कुणीतरी विचारायचं, "मास्टरसाब, ये झगडा कायकू लगा?" झालं. डिझेल वाढणार का एवढंच त्याला हवं असायचं, पण सर त्याला अरबस्तानातल्या वाळूत नेऊन, तिथं तेल कधी सापडलं, कुणाच्या हाताखाली सापडलं, हे सगळं ऐकवूनच सोडायचे. ट्रक उशिरा सोलापूरला पोचायचे. मी या वर्गाचा मागच्या बाकावरचा विद्यार्थी. भजी छान असत.

व्यंकटरावांची मुलगी अश्विनी दहावीपर्यंत सरांच्या हाताखाली होती आणि सरांच्या मते तिच्यासारखं उत्तर आजवर कुणी लिहिलं नाही. ती पुढे सायन्सला गेली तेव्हा सर आठवडाभर सायन्सच्या मास्तरांशी बोलले नाहीत. मग ती डॉक्टर व्हायला युक्रेनला गेली. तेव्हा मात्र ते खूश झाले. माझी पोरगी नकाशावर जाऊन राहिली, असं म्हणायचे. तिचं शहर पार पूर्वेकडे, रशियाच्या सीमेजवळ. माझ्या नकाशावर त्या ठिकाणी त्यांनी शाईचा टिपका करून ठेवला आणि वर मलाच सांगितलं, की भूगोलात आता सुधारणा झाली.

तिच्या चौथ्या वर्षी टीव्हीवर रणगाडे दिसायला लागले. सीमेपलीकडे सैन्य गोळा होतंय, रोज तेच. व्यंकटरावांनी तिकिटाची सोय केली होती. पण पोरगी म्हणत होती, पप्पा, कॉलेज चालू आहे, हजेरी जाईल, इथं कुणालाच काही वाटत नाही. बाप पेचात पडला आणि दुपारच्या सुट्टीत थेट आमच्या स्टाफरूममध्ये आला. उभ्यानंच त्यांनी विचारलं, "सर, लढाई व्हईल का?"

तुम्हा-आम्हाला कुणी हा प्रश्न विचारला तर आपण म्हणू, देव जाणे. सरांनी खडू घेतला. स्टाफरूमच्या फळ्यावर सूचना होत्या, त्या पुसल्या. उभी रेघ ओढली. डावीकडे लिहीत गेले, जुनं वैर, मोडलेलं साम्राज्य, मोठ्या देशांचे गट, जमलेलं सैन्य. आम्ही चहा विसरलो. मग ते उजव्या भागाकडे वळले आणि रिकाम्या जागेवर बोटानं टकटक केलं.

"दारू हाय, व्यंकटराव. लई हाय. पण काडी कुठंय? आजपोतर काडीबिगर युद्ध झालेलं न्हाय. हे सैन्य दम द्यायला आणलंय. काडी दिसली की म्या स्वतः येतो धाब्यावर सांगायला. तवर पोरीचं वरीस बुडवू नका."

व्यंकटरावांचे खांदे सैल झाले. सर म्हणतात म्हणजे झालं, असं म्हणून ते गेले. तिकीट रद्द झालं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी मी धाब्यावर पोचलो तर सर आधीच आलेले होते. आपल्या खुर्चीत नव्हते, खांबाला टेकून उभे होते. टीव्हीवर तिचंच शहर होतं. उजव्या बाजूला लिहावं असं काहीही घडलेलं नव्हतं आणि तरी बॉम्ब पडत होते. व्यंकटरावांच्या हातात मोबाइल, त्यात अंधार, अंधारात पोरीचा चेहरा. हॉस्टेलच्या तळघरात होती. सर आलेत असं बापानं सांगितलं तशी म्हणाली, त्यांना द्या. सरांनी फोन धरला. मी शेजारी होतो, मला स्पष्ट ऐकू आलं.

"सर, आता काय करू? बाहेर पडू का इथंच थांबू?"

सरांना मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. जगातला एक प्रश्न असा नव्हता ज्याला त्यांच्याकडे निदान दोन मुद्दे नव्हते. त्या दिवशी ते फोनकडे बघत राहिले. ती दोनदा "सर?" म्हणाली. मग त्यांनी फोन बापाच्या हातात ठेवला आणि बाहेर जाऊन ट्रकांच्या मधे उभे राहिले.

ती तळघरात होती तोवर सर शाळेतून निघून रोज धाब्यावर बसायचे. ड्रायव्हर काही विचारायचे, ते ऐकत नसत. एकदा ती पाणी आणायला वर गेली आणि समोरच्या इमारतीवर काहीतरी पडलं. अंगाला जखम नाही, फक्त डाव्या कानातून रक्त आलं. मग मिळेल त्या रेल्वेनं, काही अंतर बर्फातून चालत, पश्चिमेकडची सीमा ओलांडून ती पलीकडे गेली आणि तिथून विमानानं परत आली. जिवंत आली. धाब्यावर पेढे वाटले. डावा कान कायमचा गेला होता.

आम्ही दोघं भेटायला गेलो. सर तिच्या शेजारी, डाव्या हाताला बसले आणि काहीतरी बोलू लागले. ती म्हणाली, "सर, अलीकडं बसा. तिकडून ऐकू येत न्हाय." ते उठून उजवीकडे बसले, आणि कसा झाला प्रवास, एवढंच विचारलं. व्यंकटरावांनी स्वतः चहा आणला. सरांनी कप घेतला नाही. चुकलं म्हणाले, माझं ऐकून तुम्ही तिला ठेवलीत. त्यावर त्या भल्या माणसानं, खरोखर समजूत घालण्यासाठी, जे म्हटलं त्याहून वाईट काही म्हणता आलं नसतं.

"तुमचं काय चुकलं, सर? तुम्ही तर पुस्तकातलं सांगितलं."

पुढच्या आठवड्यात वर्गात एका मुलीनं विचारलं, की या युद्धाचं तात्कालिक कारण काय लिहायचं. मी शेजारच्या वर्गात होतो. भिंत पातळ आहे. सरांचा आवाज आला, "काडी कुणी लावलीच न्हाय, बाळा. त्यांनी नुसतं ठरवलं." आणि डस्टरचा आवाज.

त्यानंतर सर गाइडमधून उतरवून देऊ लागले. पोरं उशिरा आली तर आत बस म्हणायचे. पोर्शन वेळेत पुरा व्हायला लागला म्हणून मुख्याध्यापकांनी सभेत त्यांचं अभिनंदन केलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. एके दिवशी माझ्या टेबलावर नकाशा गुंडाळून ठेवलेला सापडला. मी तो परत त्यांच्या वर्गात नेऊन टांगला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा माझ्याकडे. असं काही दिवस चाललं. शेवटी मी हरलो. टेबल परत देतो म्हणालो, त्यालाही ते हसले नाहीत.

निवृत्तीनंतर ते मुरुमकडे गावी राहायला गेले. दर रविवारी मात्र स्कूटरवर नळदुर्गला यायचे, धाब्यावर अश्विनीजवळ तासभर बसायचे. ती तेव्हा गल्ल्यावर बसायची. शिक्षणाचं पुढे काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी सर घरच्या ओसरीवर बसल्या जागी गेले. आम्ही मातीला गेलो. व्यंकटराव पोरक्यासारखे रडले.

परत येताना मी धाब्यावर थांबलो. टीव्हीवर दुसरीच कुठली तरी लढाई चालू होती, आवाज बंद होता. मी अश्विनीला सहज म्हणालो, की दर रविवारी सर तुझ्याशी एवढं काय बोलायचे, आमच्याशी तर बोलणंच टाकलं होतं.

"ते डावीकडं बसायचे, सर," ती म्हणाली.

विसरत असतील, मी म्हटलं. तू सांगायचंस.

"एकदा सांगितलं की. मग उजवीकडं बसले, पण तासभर एक अक्षर बोलले न्हाईत. पुढच्या रविवारी परत डावीकडं. मग म्या सांगायचं सोडलं." तिनं गल्ल्यावरचं फडकं उचललं आणि घडी घातली. "लई बोलायचे. मान खाली घालून, सावकाश. मला काय ऐकू येणार? बोलून झालं, थांबले, असं दिसलं की म्या म्हणायची, व्हय सर."

आणि ते?

"मग चहा मागायचे."