उघड्या पोलादाला कुंकू

मेरेमावशीचं नाव आधी सांगतो, मग काय झालं ते. मेरे ही माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, आणि आमच्या रंगकामाच्या गँगची फोरमन. ती नसती तर नववीत शाळा सोडलेला मी न्यूझीलंडमधून केव्हाच परत आलो असतो.

तर रंगकाम तपासणारा इन्स्पेक्टर पुलाच्या तुळईसमोर वाकला होता. "हे लाल काय आहे?"

ते कुंकू होतं. शेजारी हळदही होती.

शहरातल्या जहाजांच्या कालव्यावरचा तो जुना पोलादी पूल. हायवे त्यावरूनच जातो. हेरिटेज म्हणून पाडायचा नाही, रंगवून टिकवायचा. रंगाआधी ब्लास्टिंग करतात, म्हणजे हवेच्या दाबाने वाळूसारखे कण मारून गंज काढतात. मग जे उघडं, चकचकीत पोलाद निघतं त्याला बोटसुद्धा लावायचं नाही. हाताचा घाम लागला तरी पुढे रंग फुगतो. आणि दव पडायच्या आत प्रायमर, म्हणजे रंगाचा पहिला थर, बसलाच पाहिजे.

हे सगळं मला शिकवलं होतं. पण त्या दिवशी दसरा. पुकेकोहे गावातल्या भारतीय दुकानातून हळद-कुंकवाची पुडी आणली होती. स्प्रेगनला टिळा लावला, कॉम्प्रेसरला लावला. मग ज्याच्यावर पोट चालतं त्या पुलालाच कसा वगळणार?

"कोणी केलं?"

"मी," म्हणालो. मी ट्रायलवर होतो. नोकरी गेली की व्हिसा गेला.

मावशी पुढे आली. "त्याची कराकिया आहे ती. काम सुरू करताना आपण नाही का प्रार्थना केली? तूही मान खाली घालून उभा होतास."

"तुमची जुन्या रंगावर झाली. ह्याची उघड्या स्टीलवर!"

"म्हणजे प्रार्थना बरोबर, टायमिंग चुकलं."

इन्स्पेक्टरने हसू दाबलं आणि नव्या कॅमेरावाल्या मोबाइलने फोटो काढला. "दव पडायच्या आत साफ करून दाखवा. नाही जमलं तर उद्यापासून हा साइटवर नको."

मावशी माझ्याकडे वळली. "सॉल्व्हंट आण. रडायचं ते चहाच्या सुट्टीत रड."

मी पुसत होतो, ती फडकी देत होती. प्रत्येक वेळी नवं, कारण तेच फडकं फिरवलं की डाग पसरतो. मग तेवढ्याच तुकड्यावर पुन्हा ब्लास्टिंग. इन्स्पेक्टरने भिंग लावून बघितलं. फार वेळ बघितलं.

"स्वीट अ‍ॅज," तो म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत एकदम झकास. मी लगेच प्रायमर मारला. कोट सरळ बसला.

"कॉम्प्रेसरवरचे ठिपके?" जाता जाता त्याने विचारलं.

"राहू देत," मावशी म्हणाली. "आज पहिल्यांदाच एका झटक्यात सुरू झालाय तो."

माझी नोकरी राहिली. दसरा मी अजून करतो. पुलाला टिळा मात्र शेवटचा कोट वाळल्यावर.

मावशीचं लाकडी घर समुद्राकडे तोंड करून आहे. खाऱ्या वाऱ्याने रंगाचे पोपडे निघालेत. एखाद्या उन्हाळ्यात ते मी रंगवून देणार, एकट्याने. तिला विचारलेलं नाही. विचारलं तर नको म्हणेल, म्हणून शिडी घेऊनच जाणार आहे.