बिद्रीच्या पुढं न गेलेली गाडी

गाडीवर जीव टाकणारा आणि गाडीवर न बसणारा, असा माझ्या थोरल्या साडूंसारखा दुसरा माणूस अख्ख्या कोल्हापुरात सापडणार नाही, हे मी कुठल्याही चौकात उभं राहून पैजेवर सांगायला तयार आहे. माझी बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो. ते मला लग्नाच्या दिवसापासून 'पावणं' म्हणतात आणि आता आम्हा दोघांचेही केस पांढरे झाले तरी मी पावणाच आहे. दाजींची गाडी म्हणजे मोटारसायकल, पण साधीसुधी नव्हे. पुढं वारा कापायला भलंथोरलं फेअरिंग, वर काच, मोठी टाकी, म्हणजे एका दमात चारशे-पाचशे किलोमीटर पळवावी म्हणून कुणीतरी शहाण्या माणसानं बनवलेली गाडी. वीस वर्षांपूर्वी दाजींनी ती नवी कोरी आणली, मंगळवार पेठेतल्या त्यांच्या दारात सगळी गल्ली गोळा झाली, पेढे वाटले गेले आणि पुढची वीस वर्षं ती गाडी पस्तीस किलोमीटरवरच्या बिद्रीच्या पुढं गेली नाही.

याला कारण दाजींचा साखर कारखाना. ते बिद्रीच्या बाजूला एका कारखान्यात फिटर होते. साखर कारखान्याची रीत अशी, की पावसाळ्यात गाळप बंद असतं तेव्हा सगळी मशिनरी उघडायची, धुवायची, झिजलेलं बदलायचं, आणि दसऱ्याच्या सुमाराला पुन्हा जोडून हंगामाला उभी करायची. मशीन चांगलं चाललंय म्हणून ते उघडायचं नाही, हे दाजींच्या शास्त्रात बसतच नव्हतं. "चांगलं चाललंय तवरच उघडायचं असतंय पावणं. बंद पडल्यावर काय, कुणीबी उघडतंय की!" त्यामुळे मृगाच्या आसपास दाजी गाडी सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत घ्यायचे, जमिनीवर जुनी चादर अंथरायचे आणि गाडीचा एकेक अवयव काढून ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं मांडायचे. चार महिने त्या घरात माणसं भिंतीला पाठ घासत वावरायची. खंडेनवमीला मात्र गाडी जोडलेली पाहिजे म्हणजे पाहिजे, कारण उघड्या गाडीची पूजा होत नाही. पाने-पकडी ओळीनं मांडून त्यांना हळदकुंकू, गाडीला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, आणि लगेच ट्रायलला बिद्रीपर्यंत जाऊन परत. दुसऱ्या दिवसापासून कारखान्याचा हंगाम सुरू, तीन पाळ्या, रजा नाही. हंगाम संपून दाजी मोकळे झाले की आठ-पंधरा दिवस उन्हाला शिव्या देण्यात जायचे, तोवर मृग यायचा आणि चादर अंथरली जायची. थोडक्यात, दाजींना वेळ असेल तेव्हा गाडी उघडलेली आणि गाडी तयार असेल तेव्हा दाजी कारखान्यात. पाच वर्षांपूर्वी ते रिटायर झाले, तेव्हा आम्हाला वाटलं, सुटली बिचारी. पण पाऊस पडला आणि चादर आली. अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझी थोरली मेव्हणी, माझ्याकडं बघून म्हणाली, "ह्ये रिटायर झाल्यात, पण ह्यांच्या डोक्यातला कारखाना अजून सुरूच हाय."

दाजींच्या एकेक तऱ्हा सांगायला बसलं तर दिवस मावळेल. एकदा पावसाळ्यात मी त्यांच्याकडं गेलो आणि पाणी काढायला फ्रीज उघडला. वरच्या कप्प्यात श्रीखंडाचा डबा दिसला. मी पडलो खादाड, हळूच झाकण काढलं, तर आत मलमलच्या फडक्यात गुंडाळलेली दोन बेअरिंगं! थंड झाली की आकसतात आणि चाकात अल्लद बसतात, हे मला दाजींनी नंतर सविस्तर समजावलं. श्रीखंड कुठं गेलं ते मात्र सांगितलं नाही. मोठा स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून आतला आवाज ऐकायचा, ही त्यांची दुसरी खोड. मी हौसेनं नवी मोटार घेतली, पेढ्यांचा पुडा घेऊन त्यांच्या दारात उभी केली, तर हा माणूस पेढा तोंडात टाकून स्क्रूड्रायव्हर घेऊन बॉनेटमध्ये शिरला. पाच मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाले, "घेतलीसा ते चांगलं केलासा. पण पुढच्या वर्साला वाजणार बघा." माझं तोंड एवढंसं झालं. आणि पुढच्या वर्षी ती वाजली, हे त्याहून वाईट.

रिटायर झाल्यावरच्या एका खंडेनवमीला गाडी जोडून झाली आणि चादरीवर एक बोल्ट शिल्लक राहिला. झालं! दाजींनी जेवण सोडलं. माळ घातलेली गाडी माळेसकट पुन्हा उघडली. लेथवाले बाबूभाई, जे गल्लीच्या तोंडाला वीस वर्षं दाजींना हवं ते कातून देत आलेत, त्यांनाही बोलावून आणलं. दोघांनी मिळून दोन दिवस गाडीचं भोकन्‌भोक तपासलं. तिसऱ्या दिवशी अक्का ब्लाउज शिवायला बसली तर शिलाई मशीन डगडगायला लागलं. बोल्ट त्याचा होता. बाबूभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "दाजी, तुमच्या घरात आलं की माणसानं आपलं पायबी मोजून ठिवायला पायजेत." दाजी मात्र खूश, कारण गाडीत चूक नव्हती. आयुष्यात एकही वॉशर आपल्या हातून चुकला असं त्यांनी कधी कबूल केलं नाही.

गाडीत फेरफार तर विचारूच नका. कंबर धरायला लागली तसं हँडल दोन इंचांनी वर आलं. डोळ्याला वारा लागायला लागला तशी काच उंच झाली. शेंगतेलाचे चौकोनी डबे कापून, काळा रंग देऊन त्यांनी दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या बसवल्या. त्यांत ठेवलेल्या टॉवेलाला शेंगतेलाचा वास यायचा. पण सगळ्यात जास्त काम झालं ते मागच्या सीटवर. सहा वेळा फोम बदलला आणि सहा वेळा अक्कानं त्यावर नवं कव्हर शिवलं. कारण गाडी घेतली त्या दिवशी सगळ्या गल्लीसमोर दाजींनी शब्द दिला होता, "हिला समिंदर दावणार तर ह्याच गाडीवरनं. आंबा घाट उतरायचा, थेट पाण्याला चाक लावायचं."

आता गंमत बघा. अक्कानं तोवर समुद्र पाहिला नव्हता आणि नंतरही कैक वर्षं पाहिला नाही. आम्ही दोन वेळा मोटारीनं गणपतीपुळ्याला गेलो, दोन्ही वेळा तिला चल म्हणालो. आली नाही. "त्यांनी शब्द दिलाय. मोटारीतनं जाऊन त्यो मी कशाला मोडू?" ही एवढी तोंडाळ बाई, दाजींना दिवसातून दहा वेळा घालूनपाडून बोलणारी, पण या एका बाबतीत हटून बसली. दरवर्षी खंडेनवमीला ती गाडीला ओवाळायची आणि विचारायची, "निघायचं का मग?" दाजी कान इंजिनकडं देऊन म्हणायचे, "अजून शंभर टक्के न्हाय."

मग अक्काचे गुडघे गेले. गेल्याच्या आदल्या थंडीत उजव्याचं ऑपरेशन झालं. दाजींनी डॉक्टरांना विचारलं, नवा गुडघा कुठल्या धातूचा, आणि त्याला ग्रीसिंग किती महिन्यांनी. डॉक्टर हसले, पण पुढं म्हणाले की डावा दिवाळीनंतर करू आणि त्यानंतर यांनी दुचाकीवर बसायचं नाही. अजिबात नाही. दोघं रिक्षानं घरी आली. दारात उतरताना अक्का म्हणाली, "आयकलासा न्हवं? आता दिवाळीच्या आत न्हायतर कवाच न्हाय."

त्या पावसाळ्यात पहिल्यांदाच दाजींनी इंजिनला हात लावला नाही. या जातीच्या गाडीवर मागं बसणाऱ्याचे पाय खुराड्यातल्या कोंबडीसारखे पोटाशी येतात, आणि अक्काचा नवा गुडघा तेवढा वाकत नव्हता. दाजींनी लेकीच्या शाळेतली जुनी कंपासपेटी शोधून कोनमापक काढला, अक्काला स्टुलावर बसवलं आणि गुडघा मोजला. मी तिथंच होतो. अक्का कळवळून म्हणाली, "आवं, माणूस हाय मी, पाइप न्हवं!" दाजींनी मान वर न करता कोनमापकावरचा आकडा जमिनीवर खडूनं लिहिला. बाबूभाईंनी जाड पट्टी कापून दिली आणि मागचे फूटरेस्ट पाच इंच खाली आले. चढायला दोन पायऱ्यांची लोखंडी घडीची शिडी झाली, ती पेटीला अडकवायची. पेट्यांमुळं एका बाजूला पाय सोडून बसता येईना, म्हणून अक्कानं आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला, तोही स्वतः शिवलेला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती शिडीवरून गाडीवर चढली तेव्हा गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मी मागं मोटार घेऊन, कारण दाजींचा हुकूम होता. माझ्या डिकीत पाने, ट्यूब, चेन, क्लचची तार आणि अर्धा कारखाना भरला होता.

गाडी काय चालली म्हणता! पाण्यासारखी. वीस वर्षांची सेवा फळाला आली. शाहूवाडी मागं पडली, दोन्हीकडं पिवळा पडत आलेला भात, आणि अचानक गाडी फुर्र करून थांबली. दाजी उतरले. स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. प्लग काढला, पुसला, बसवला. डिकीतलं सगळं सामान रस्त्यावर मांडलं. अर्ध्या तासानं अक्कानं बांधावरून विचारलं, "आवं, तेल हाय का त्यात?" टाकीचं झाकण उघडलं, आत ठणठणाट. दरवर्षी बिद्रीला जाऊन यायला दोन लिटर पेट्रोल लागायचं, म्हणून वीस वर्षांच्या सवयीनं दाजींनी याही वेळी मोजून दोनच लिटर घातलं होतं! मी हसून हसून बांधावर बसलो. अक्काच्या डोळ्यांतून पाणी. दाजी तेवढे गंभीर. "पावणं, हसू नगासा. गाडीत फॉल्ट न्हाय, ह्ये ध्येनात घ्या." मी मागं जाऊन पेट्रोल आणलं.

दुपार कलताना आम्ही किनाऱ्यावर पोचलो. खारा वारा म्हणजे लोखंडाचा क्षय, असं दाजी नेहमी सांगायचे. म्हणून मला वाटलं, गाडी लांब सावलीत लावतील. पण कोरड्या वाळूत अक्काला चार पावलं टाकता येईनात, गुडघा डगमगला. दाजींनी तिच्याकडं पाहिलं, मग गाडीकडं. मला म्हणाले, "धरा मागनं, पावणं." तिला पुन्हा शिडीवरून चढवली आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये, वाळू उडवत, मी मागून ढकलत, पार ओल्या वाळूपर्यंत नेली. इंजिन बंद केलं. पुढचं चाक पाण्यात होतं. एक लाट आली आणि पाच इंच खाली आणलेल्या फूटरेस्टवरच्या अक्काच्या पावलांना भिजवून गेली.

अक्कानं समोरच्या पाण्याला हात जोडले. मग दाजींच्या पाठीवर एक धपाटा घालून म्हणाली, "आदी आणायचं की वो!" आणि रडायला लागली. गाडी दोन्ही पायांवर तोलून धरून दाजी तसेच पुढं बघत म्हणाले, "चुकलं माझं."

दिवाळीनंतर डावा गुडघा झाला. अक्का आता घरात नीट चालते, बाजारात रिक्षानं जाते, गाडीवर बसत नाही. परवा मृग निघाला, तेव्हा मी त्यांच्याकडं गेलो. सोप्यात चादर नव्हती. गाडी दारात ताडपत्रीखाली उभी, शिडी पेटीला तशीच अडकवलेली. मी ताडपत्री उचलून पाहिलं. चेन धुतलेली, इंजिन लख्ख पुसलेलं, पण मागच्या मडगार्डच्या आत, फूटरेस्टच्या पट्टीवर वाळू तशीच चिकटलेली. एक बोल्ट तीन वेळा रॉकेलनं धुणारा हा माणूस!

"दाजी, यंदा ओव्हरहॉलिंग नाही?" मी विचारलं.

अक्का आत चहा टाकत होती. दाजींनी स्वयंपाकघराकडं एकदा पाहिलं, माझ्या हातातून ताडपत्री घेतली आणि गाडीवर नीट ओढून बसवली.

"नगं," ते म्हणाले. "उघडली की वाळू पडंल सगळी."